मैत्रीची रोजनिशी आणि पहिला वाचक : नॅन गोल्डिनच्या 'बॅलड'विषयी

१

आत्मपर लेखनाचा विचार करताना मराठी समीक्षेने 'प्रामाणिकपणा' या मूल्याला दीर्घकाळ मध्यवर्ती स्थान दिलेले आहे. लेखकाने स्वतःविषयी किती मोकळेपणाने लिहिले, काय उघड केले आणि काय झाकून ठेवले, यावर आत्मचरित्राची प्रतवारी लावण्याचा आपला प्रघात आहे. या मूल्याची मर्यादा अशी, की ते लेखकाच्या स्वतःशी असलेल्या नात्यापुरतेच पाहते. आत्मचरित्रात लेखक कधीच एकटा नसतो. त्याचे आईवडील, जोडीदार, सोबती त्याच्या पानांतून वावरत असतात आणि त्यांनी वाचकाशी कोणताही करार केलेला नसतो. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी प्रामाणिक राहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यामुळे बहुधा अनुत्तरित राहतो.

छायाचित्रणात हाच प्रश्न अधिक धारदार होतो. लेखनात मित्राचे नाव बदलता येते, दोन माणसांचे मिळून एक पात्र करता येते, एखादा प्रसंग मागेपुढे सरकवता येतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. मित्राचा चेहरा हा त्या मित्राचाच चेहरा असतो. म्हणून मित्रांचे आणि त्यांच्यासोबतच्या रोजच्या जगण्याचे छायाचित्रण हा आत्मकथनाच्या सिद्धान्ताची कसोटी पाहणारा प्रकार ठरतो. या दृष्टीने अमेरिकन छायाचित्रकार नॅन गोल्डिन हिच्या 'द बॅलड ऑफ सेक्शुअल डिपेंडन्सी' या कृतीचा विचार येथे करावयाचा आहे. या कृतीला सर्रास 'दृश्य रोजनिशी' म्हटले जाते. खुद्द गोल्डिननेही ती इतरांना वाचू दिलेली आपली रोजनिशी आहे असे सांगितले आहे. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. 'बॅलड'ची प्रकृती लिखित रोजनिशीपेक्षा मौखिक कथनाच्या जवळची आहे. तिचा विषय असलेली माणसे हाच तिचा पहिला श्रोतृवर्ग होता, आणि तिच्या अर्थाची जडणघडण या वस्तुस्थितीशी निगडित आहे.

२

गोल्डिनचा जन्म १९५३चा. ती अकरा वर्षांची असताना, १९६५ साली, तिच्या थोरल्या बहिणीने आत्महत्या केली. 'बॅलड'चे पुस्तक या बहिणीला अर्पण केलेले आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाने त्या मृत्यूविषयी पाळलेले मौन आणि पुढे 'जे घडले ते कोणालाही नाकारता येऊ नये' असा गोल्डिनने धरलेला आग्रह यांचा संबंध तिने स्वतःच वारंवार जोडला आहे. तरुण वयात घर सोडल्यावर ती बॉस्टनमध्ये स्त्रीवेशात वावरणाऱ्या पुरुषमित्रांच्या सहवासात राहिली. १९७२पासून तिने त्यांची छायाचित्रे घेतली. १९७८ साली ती न्यू यॉर्कला आली. तेथे बावरी भागातले तिचे घर, ओळखीचे बार, मित्रांच्या खोल्या, न्हाणीघरे, समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्ट्या, वाढदिवस, लग्ने, भांडणे आणि आजारपणे या साऱ्यांतून 'बॅलड' आकाराला आली.

या कृतीचे मूळ रूप पुस्तकाचे नाही. १९७९पासून गोल्डिन आपल्या पारदर्शिका न्यू यॉर्कमधील क्लबांमध्ये पडद्यावर दाखवू लागली. त्यांना गाण्यांची साथ असे. कालांतराने हा प्रयोग सुमारे ७०० पारदर्शिकांचा आणि सुमारे पाऊण तासाचा झाला. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सरासरी चार सेकंद येतात. १९८५च्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तो दाखवला गेला आणि १९८६ साली 'ॲपर्चर' या प्रकाशनसंस्थेने त्यातून निवडक चित्रांचे पुस्तक काढले. आपल्यापैकी बहुतेकांना 'बॅलड' परिचित असते ती या पुस्तकरूपाने. म्हणजे प्रयोगाची संहिताच आपण कलाकृती मानून वाचत असतो. नाट्यसमीक्षेला ही अडचण नवी नाही.

माध्यमाच्या भौतिक स्वरूपाकडेही येथे लक्ष द्यावयास हवे. पारदर्शिकेच्या फिल्मला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून गेलेली तीच फिल्म प्रक्रियेनंतर सुलट चित्र होऊन हाती येते आणि चौकटीत बसवली जाते. तिच्या नकला काढता येतात, पण मूळ प्रत एकच असते. प्रक्षेपकाच्या तीव्र प्रकाशात तिचे रंग हळूहळू विटत जातात. म्हणजे चित्र दाखवणे हीच चित्राची झीज असते. पुन्हा, छत्तीस चित्रांचा रोल संपून धुऊन येईपर्यंत आपण काय टिपले हे छायाचित्रकारालाही ठाऊक नसते. क्षण आणि त्याचे दर्शन यांच्यात काही दिवसांचे अंतर पडते. त्या रात्री सोबत असलेली माणसे पुढे केव्हातरी एकत्र जमून ती रात्र पडद्यावर पाहतात. मोबाइलवर टिपलेले चित्र त्याच क्षणी पाहून आवडले नाही तर पुसून टाकण्याची जी सवय आज आपल्याला जडली आहे, तिच्यात हे अंतर लोपले आहे. गोल्डिनच्या प्रयोगात ते अंतर आहे, म्हणूनच पाहणे ही आठवण्याची कृती ठरते.

३

फ्रेंच अभ्यासक फिलिप लजन याने १९७५ साली आत्मचरित्राविषयी जी मांडणी केली, तिच्यात लेखक, निवेदक आणि नायक यांची एकरूपता हा आत्मचरित्राचा पाया मानला आहे. मुखपृष्ठावरील विशेषनाम ही या एकरूपतेची हमी असते. छायाचित्रात ही एकरूपता स्वभावतःच भंगते, कारण जी व्यक्ती पाहत असते ती चित्रात नसते. गोल्डिनने ही अडचण दोन मार्गांनी सोडवली आहे.

पहिला मार्ग शीर्षकांचा. तिची शीर्षके तीन घटकांची असतात : नाव, स्थळ, वर्ष. 'कुकी', 'ब्रायन', 'सुझन' अशी केवळ पहिली नावे येतात. आडनाव नाही, व्यवसाय नाही, 'एक तरुणी' अशी वर्गवाचक ओळखही नाही. पहिल्या नावाने हाक मारणारी व्यक्ती ओळखीचीच असणार. त्यामुळे शीर्षक वाचताक्षणी वाचकाला हाक मारणाऱ्या निवेदिकेची चाहूल लागते. डायान आर्बसच्या छायाचित्रांविषयी सूझन सोंटॅगने 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) या पुस्तकात जो आक्षेप घेतला, त्याचा गाभा असा होता, की विक्षिप्त ठरलेल्या माणसांकडे तेथे बाहेरून, सुरक्षित अंतरावरून पाहिले जाते. गोल्डिनच्या शीर्षकांत हे अंतर राहत नाही. ती परक्याच्या घरात डोकावत नाही, तिच्याच घरातली मैफल आपल्याला दिसत असते.

दुसरा मार्ग म्हणजे निवेदिकेने स्वतः चौकटीत येणे. 'नॅन अँड ब्रायन इन बेड, न्यू यॉर्क सिटी, १९८३' हे चित्र या दृष्टीने मुद्दाम पाहावे. पलंगाच्या कडेला ब्रायन पाठमोऱ्यासारखा, सिगारेट ओढत बसला आहे. नारिंगी उजेड त्याच्या अंगावर पडला आहे. मागे उशीला टेकून नॅन त्याच्याकडे पाहते आहे. तिच्या नजरेत ओढ आहे आणि सावधपणाही. वर भिंतीवर एक छायाचित्र टाचलेले आहे, तेही ब्रायनचेच. एकाच चौकटीत ब्रायन दोन वेळा आहे : एक जिवंत, पण तोंड फिरवलेला, दुसरा समोर पाहणारा, पण छायाचित्रातला. त्या दोहोंच्या मध्ये छायाचित्रकार स्वतः आहे. ज्याला पकडून ठेवता येते तो खरा नाही आणि जो खरा आहे तो हाती लागत नाही, हा 'बॅलड'चा संपूर्ण आशय या मांडणीत आला आहे. येथे कोणतेही भाष्य नाही. भिंतीवरचा एक कागद हेच भाष्याचे काम करतो.

या चित्राच्या पुढच्या वर्षीचे 'नॅन वन मंथ आफ्टर बीइंग बॅटर्ड, १९८४' हे चित्र याच्याशेजारी ठेवून वाचले पाहिजे. जोडीदाराने केलेल्या मारहाणीला महिना उलटल्यानंतरचा हा चेहरा आहे. डोळ्याखाली काळेनिळे वळ, डोळ्यात उतरलेले रक्त, आणि त्याबरोबरच ठसठशीत लाल लिपस्टिक, गळ्यात मोती. शीर्षकातील 'एका महिन्यानंतर' या शब्दांना महत्त्व आहे. मारहाणीचे दृश्य नाही, तिची खूण आहे. आणि ती खूण पुसट होण्याआधी नोंदवण्याचा निर्णय आहे. त्या माणसाकडे पुन्हा परतण्याचा मोह होऊ नये म्हणून हे चित्र घेतले, असे गोल्डिनने सांगितले आहे. म्हणजे या चित्राची पहिली वाचक चित्रातली स्त्री हीच आहे. साक्ष न्यायालयापुढे द्यायची नसून स्वतःच्या उद्याच्या दुबळेपणापुढे द्यायची आहे. 'प्रामाणिकपणा' हा शब्द येथे थिटा पडतो. हे आत्मप्रकटीकरण कमी आणि स्वतःला घातलेला निर्बंध अधिक आहे.

४

'बॅलड' हे शीर्षक ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 'थ्री पेनी ऑपेरा'तील (१९२८) एका गाण्यावरून आले आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७८ साली 'तीन पैशाचा तमाशा' या नावाने ज्या नाटकाचे मराठी रूपांतर केले, तेच हे नाटक. मूळ नाटकात मॅकहीथच्या स्त्रीलंपटपणावर मिसेस पीचम हे गाणे म्हणते. त्याचा सूर उपहासाचा आहे, कारण गाणारी व्यक्ती त्या आसक्तीच्या बाहेर उभी आहे. गोल्डिनने शीर्षक घेतले, पण ती बाहेर उभी राहिली नाही. ज्यांचे गीत गायचे त्यांच्यातच तिने आपली जागा ठेवली.

तथापि ब्रेख्तीय रंगभूमीचा एक धागा तिच्या प्रयोगात टिकून आहे. मारिया कालास, जेम्स ब्राऊन, 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' यांची गाणी चित्रांमागे केवळ वातावरणनिर्मितीसाठी वाजत नाहीत; ती चित्रांवर टिप्पणी करतात, कधी त्यांना छेद देतात. चित्रांचा क्रमही विषयांच्या गटांनी बांधलेला आहे : जोडपी, एकट्या स्त्रिया, आरशासमोरच्या स्त्रिया, पुरुष, लहान मुले, पुन्हा जोडपी, रिकामे पलंग, थडगी. रोजनिशी दिनांकाच्या क्रमाने चालते. 'बॅलड'चा क्रम तसा चालत नाही. गोल्डिनचे आईवडील एका उपाहारगृहात बसलेले दिसतात, आणि कोनी आयलंडच्या मेणाच्या संग्रहालयातील ड्यूक व डचेस ऑफ विंडसर यांचे पुतळेही याच मालिकेत येतात. दाम्पत्याची ही दोन चित्रे एकमेकांचा अर्थ बदलतात. अखेरचे चित्र एका दारावर रंगवलेल्या, परस्परांना मिठी मारलेल्या दोन सांगाड्यांचे आहे. एकेक चित्र अनौपचारिक, कधी घाईत टिपल्यासारखे असेल. त्यांची गुंफण मात्र कथनकाराची आहे. 'अस्सल अनुभव' या कल्पनेवर विसंबलेल्या आस्वादाकडून निसटते ते हेच.

प्रारंभीच्या प्रयोगांचा श्रोतृवर्ग कोण होता, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर जी माणसे दिसत, तीच समोर बसलेली असत. ती हसत, ओरडत, आपले चित्र आले की दाद देत. ज्याला आपले चित्र असह्य वाटे, त्याचे चित्र गोल्डिन काढून टाकी. क्रम दर प्रयोगाला बदले. मौखिक परंपरेतील कथन श्रोत्यांच्या प्रतिसादाने घडत जाते, तशीच ही रचना घडली. चित्रातल्या माणसाला येथे नकाराचा अधिकार होता आणि तो अधिकार कृतीच्या घडणीत प्रत्यक्ष उतरला होता. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी प्रामाणिक राहणे म्हणजे काय, या आरंभीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते : तो दुसरा समोर बसलेला असताना सांगता येईल तेच सांगणे.

पुस्तक आणि संग्रहालय यांच्यात ही स्थिती पालटते. तेथे वाचक अनोळखी असतो. क्रम गोठलेला असतो. ज्यांच्यासाठी ही कृती जन्मली ते तिच्या वाचकांत आता अल्पसंख्य होतात. हे अपरिहार्य आहे, परंतु निरुपद्रवी नाही. १९९०च्या दशकात फॅशनच्या छायाचित्रणाने अशा चित्रांची बाह्य लक्षणे उचलली : फ्लॅशचा बोचरा उजेड, विस्कटलेले बिछाने, निस्तेज चेहरे. या शैलीवर इतकी टीका झाली, की १९९७ साली अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनीही तिचा जाहीर निषेध केला. लक्षणे तीच होती. मात्र त्या चित्रांतल्या माणसांना कोणी पहिल्या नावाने हाक मारत नव्हते. नाते वगळून नात्याची शैली तेवढी घेता येते, आणि असे घडले की ती शैली पोकळ होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण साहित्यातही सहजी सापडणार नाही.

५

रोलां बार्थच्या 'ला शांब्र क्लेर' (१९८०) या पुस्तकाच्या केंद्रस्थानी त्याच्या आईचे बालपणीचे एक छायाचित्र आहे. बार्थ त्याच्याविषयी विस्ताराने लिहितो, पण ते छापत नाही. वाचकाच्या दृष्टीने ते असंख्य चित्रांपैकी एक ठरेल. त्याची जखम वाचकाला होणार नाही, ही त्यामागची भूमिका आहे. आपुलकीचे चित्र परक्याला वाचता येत नाही, असा या भूमिकेचा सैद्धान्तिक अर्थ होतो. गोल्डिन नेमकी उलट बाजू घेते. ती सारे दाखवते. मग बार्थचा सिद्धान्त तिच्या कृतीने खोडला जातो काय?

अभिनेत्री आणि लेखिका कुकी म्युलर हिची चित्रे या प्रश्नाचे उत्तर देतात. गोल्डिनने १९७६ ते १९८९ या काळात या मैत्रिणीची छायाचित्रे घेतली. त्यांतील पंधरांचा एक संच पुढे तिने केला. बारमध्ये एकटी बसलेली कुकी, १९८६ साली लग्नात डोळे पुसणारी कुकी, सप्टेंबर १९८९मध्ये नवऱ्याच्या शवपेटीजवळ उभी असलेली कुकी, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या शवपेटीत निजलेली कुकी. दोघांचेही मृत्यू एड्सने झाले. यांतले कोणतेही एक चित्र वेगळे काढले, तर बार्थचे म्हणणे खरे ठरते. एका अनोळखी स्त्रीचे ते चित्र असते. पंधरा चित्रे क्रमाने पाहिल्यावर मात्र परका वाचक परका राहत नाही. तेरा वर्षांचा सहवास त्याला अल्पावधीत का होईना घडतो. लग्नातले अश्रू शवपेटीच्या चित्रानंतर पुन्हा पाहिले, की ते पहिल्यासारखे राहत नाहीत. जखम एका चित्रात नसते. दोन चित्रांमधल्या काळात असते. बार्थचा विचार एकट्या चित्राचा आहे आणि गोल्डिनची भाषा मालिकेची आहे. म्हणून येथे सिद्धान्त खोडला जात नाही, त्याची कक्षा स्पष्ट होते.

एखाद्याची पुरेशी छायाचित्रे घेतली तर आपण त्याला कधीच गमावणार नाही, असे आपल्याला वाटत असे. प्रत्यक्षात आपण किती गमावले हेच ही चित्रे दाखवतात, अशा आशयाची कबुली गोल्डिनने नंतर दिली आहे. ही कबुली 'बॅलड'च्या वाचनात निर्णायक मानावी लागते. तिच्या पहिल्या श्रोतृवर्गातील अनेक जण १९८०च्या दशकात आणि त्यानंतर मरण पावले. कुकीच्या मृत्यूनंतर सहाच दिवसांनी, १६ नोव्हेंबर १९८९ रोजी, गोल्डिनने संयोजिलेले 'विटनेसेस : अगेन्स्ट अवर व्हॅनिशिंग' हे एड्सविषयक प्रदर्शन न्यू यॉर्कच्या 'आर्टिस्ट्स स्पेस'मध्ये उघडले. त्याच्या शासकीय अनुदानावरून देशभर वाद झाला. मित्रांचे खाजगी जगणे नोंदवणारी कृती राजकीय कशी होते, याचे उत्तर या घटनाक्रमात आहे. ज्यांच्या मरणाविषयी बोलायला समाज तयार नव्हता, त्यांच्या जगण्याचा पुरावा ठेवणे हेच राजकारण झाले. बहिणीच्या मृत्यूभोवतीचे घरातले मौन आणि या मृत्यूंभोवतीचे सार्वजनिक मौन यांना गोल्डिनने एकाच जातीचे मानले. तिच्यावरील लॉरा पॉयट्रसच्या 'ऑल द ब्युटी अँड द ब्लडशेड' (२०२२) या माहितीपटाची बांधणीही याच साम्यावर उभी आहे.

६

गोल्डिनच्या कृतीत मित्राला नकाराचा अधिकार आहे. बोलण्याचा अधिकार मात्र निवेदिकेकडेच राहतो. या मर्यादेची जाणीव दयानिता सिंग यांच्या 'मायसेल्फ मोना अहमद' (२००१) या पुस्तकाशेजारी ठेवून पाहिल्यास तीव्र होते. दिल्लीतील हिजडा समाजातील मोना अहमद आणि दयानिता सिंग यांची भेट १९८९ साली लंडनच्या एका वृत्तपत्राच्या कामानिमित्त झाली. चित्रे लंडनमध्ये छापली जाणार हे कळताच, तेथल्या नातेवाइकांच्या दृष्टीस ती पडू नयेत म्हणून मोना यांनी फिल्म परत मागितली, आणि दयानिता सिंग यांनी ती देऊन टाकली. मैत्रीची सुरुवात येथून झाली. फिल्म ही हातात देता येण्याजोगी वस्तू होती, म्हणूनच ही कृती शक्य झाली. छायाचित्रकाराने चित्रावरचा हक्क सोडणे हे येथे नात्याचे पहिले वाक्य आहे.

पुढील बारा वर्षांच्या सहवासातून सिद्ध झालेल्या पुस्तकात छायाचित्रांसोबतचा मजकूर दयानिता सिंग यांचा नाही. मोना यांनी प्रकाशकाला पाठवलेल्या ई-मेल पत्रांचा तो आहे. शीर्षकातील 'मायसेल्फ' हे प्रथमपुरुषी सर्वनाम चित्रविषय झालेल्या व्यक्तीचे आहे. दत्तक मुलीचा वियोग, कबरस्तानात थाटलेले घर, एकाकीपण या गोष्टी मोना स्वतः सांगतात. चित्रे त्या कथनाला कधी दुजोरा देतात, कधी मुकेपणाने त्याच्या बाजूला उभी राहतात. लजनच्या करारातील एकरूपता येथे दोघींत वाटली गेली आहे : पाहणारी एक, बोलणारी दुसरी.

मराठी वाचकाला या ठिकाणी 'बलुतं'ची (१९७८) आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. लेखक आणि नायक एकच. पण सांगणारा आणि लिहून घेणारा अशी त्याची दोन रूपे केलेली आहेत. आपल्या वस्तीतील माणसांचे जगणे सुशिक्षित, परक्या वाचकापुढे मांडताना निर्माण होणारा पेच या रचनेने संहितेच्या आतच आणला. सांगणाऱ्यासमोर पहिला श्रोता बसवला. गोल्डिनच्या क्लबमधील श्रोते, मोना यांचा पत्र वाचणारा प्रकाशक आणि दगडूसमोर बसलेला दया पवार यांच्यात परस्परप्रभावाचा कोणताही संबंध नाही. माध्यमे, समाज आणि दुःखाच्या जाती भिन्न आहेत. परंतु तिन्ही ठिकाणी एकच कथनविषयक गरज दिसते : दूरच्या वाचकाकडे जाण्याआधी जवळच्या श्रोत्याला सामोरे जाण्याची.

७

यावरून आत्मपर कृतींच्या मूल्यमापनासंबंधी काही निष्कर्ष काढता येतील. 'प्रामाणिकपणा' हा निकष टाकून द्यावा असे नाही. त्याची जागा बदलली पाहिजे. लेखकाच्या अंतरंगात तो शोधणे व्यर्थ आहे, कारण तेथे पोहोचण्याचा मार्ग समीक्षकाकडे नाही. कृतीच्या रचनेत तो शोधता येतो. ज्यांच्याविषयी सांगितले जाते त्यांना कृतीत कोणते स्थान आहे? केवळ विषयाचे, श्रोत्याचे, की सहनिवेदकाचे? त्यांच्या नकाराची, त्यांच्या आवाजाची, त्यांच्या गैरहजेरीची खूण संहितेत उरली आहे काय? हे प्रश्न रूपाचे आहेत आणि त्याच वेळी नीतीचेही आहेत. रूप आणि नीती यांची जी फारकत आपण सोयीसाठी करतो, ती या प्रकारच्या कृतींपुढे टिकत नाही.

'बॅलड' आज जगातील मोठ्या संग्रहालयांत दाखवली जाते. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१६-१७मध्ये ती अंधाऱ्या दालनात, गाण्यांसह, मूळ प्रयोगाच्या जवळ जाईल अशा रीतीने मांडली गेली होती. पडद्यावर कुकी येते, चार सेकंद थांबते आणि जाते. तिला पाहून हाक मारील असा कोणी बहुधा त्या दालनात नसतो. पहिल्या वाचकाची ही रिकामी जागा आता त्या कृतीचाच भाग झाली आहे, आणि उत्तरकाळातल्या वाचकाला ती ओलांडूनच चित्रापर्यंत जावे लागते.